व्यवसाय-व्यवस्थापनात संगणकाचा वापर : सोलापूर

व्यवसायातील उत्पादन, साठा, वेतन, हिशेब, विक्री व वसुली यांविषयीची माहिती साठवून, तिचे संस्करण करून व्यवस्थापकाला निर्णय घेण्यास मदत करणारे साधन म्हणून संगणकाचा होणारा उपयोग. कापडगिरण्या, यंत्रमाग, हातमाग, विडी, साखर आणि सहकारी पतव्यवहार यांवर उभ्या राहिलेल्या सोलापूरसारख्या औद्योगिक नगरात या साधनाचा इतिहास मुंबई-पुण्याहून वेगळ्या वाटेने गेला. मुंबईत संगणक प्रथम मोठ्या कंपन्यांच्या मुख्य कचेऱ्यांत आला. सोलापूर परिसरात मात्र तो गिरण्यांच्या उतरत्या काळात साखर कारखाने, बँका व लहान व्यापारी पेढ्या यांच्याद्वारे रुजला. ज्या मोजणीसाठी तो आणला गेला, ती मोजणी येथे शतकभर हाताने होत होती. त्यामुळे या इतिहासाचा आरंभ यंत्रापासून न करता हिशेबाच्या वहीपासून करणे युक्त ठरते.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रातील पेढ्यांवर रोजकीर्द, खतावणी, तेरीज व ताळेबंद अशी हिशेबाची मांडणी रूढ होती व तिचे लेखन दीर्घकाळ मोडी लिपीत होत असे. सोलापूरच्या बाजारपेठेत मराठी, गुजराती, मारवाडी, कानडी व तेलुगू भाषिक व्यापारी एकत्र आल्याने प्रत्येकाच्या वहीची भाषा व धाटणी निराळी होती. तथापि रोजच्या उलाढालीची नोंद प्रथम कीर्दीत करावयाची, ती खात्यांवर खतवावयाची व ठरावीक मुदतीने ताळा जमवून पाहावयाचा, हे तत्त्व सर्वत्र समान होते. एकच नोंद दोन-तीन ठिकाणी उतरविताना होणारी चूक आणि ती शोधण्यासाठी जाणारा वेळ, हा या पद्धतीतील मुख्य दोष होता. पेढी लहान असेतोवर मालकाची स्मरणशक्ती या दोषावर मात करी. व्यवसाय वाढला, की स्मरणशक्ती अपुरी पडे.

रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोहोचली आणि कापसाच्या या पेठेचा मुंबईशी थेट संबंध जुळला. मुंबईचे व्यापारी मोरारजी गोकुळदास (१८३४–८०) यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १८७७ साली सुरू झाली. ‘जुनी गिरणी’ या नावाने ती पुढे ओळखली गेली. तिच्या पाठोपाठ लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू व जाम या गिरण्या उभ्या राहिल्या. त्या काळी गिरण्यांचा कारभार सामान्यतः व्यवस्थापकीय अभिकर्त्यांकडे (मॅनेजिंग एजंटांकडे) असे. भागधारक एकीकडे, निर्णय घेणारी पेढी दुसरीकडे व माग तिसरीकडे, अशा या रचनेत माहितीचा प्रवास लांबचा होता. सोलापूरच्या खात्यांतील आकडे संचालकांपुढे येईपर्यंत सुताचा भाव व कापडाची मागणी बदललेली असणे अशक्य नव्हते.

गिरणीचा हिशेब : कापडगिरणीच्या कारभारात मोजणीच्या जागा अनेक असतात. कापसाच्या गाठींची आवक, सुताचा नंबर, प्रत्येक सांच्यावरील उतारा, वाया जाणारा कापूस, मागावर निघालेले कापडाचे वार, कोळसा व सुटे भाग यांची नोंद खातेवार ठेवावी लागे. सर्वांत किचकट काम वेतनाचे होते. काही कामगार रोजंदारीवर, तर विणकर प्रामुख्याने नगावर काम करीत. विणकराची मजुरी कापडाच्या जातीनुसार, पन्ह्यानुसार व वाणातील धाग्यांच्या दाटीनुसार बदले. त्यात बदली कामगारांची हजेरी, दंड, उचल व पुढील काळात भविष्यनिर्वाह निधीची कपात यांची भर पडली. महागाई भत्ता राहणीमान-खर्चाच्या निर्देशांकाशी जोडला गेल्यावर दर महिन्याला सर्वांची रक्कम नव्याने काढणे प्राप्त झाले. सोलापूरच्या कामगारांसाठी असा निर्देशांक स्वतंत्रपणे काढला जात असे; नंतरच्या अखिल भारतीय औद्योगिक कामगार निर्देशांकातही सोलापूर हे एक केंद्र राहिले.

मस्टर कारकून, वेतन कारकून व टाइमकीपर यांच्या हातून होणाऱ्या या कामावर हजारो कुटुंबांचा महिना अवलंबून असे. हिशेबात चूक झाल्यास ती सिद्ध करण्याचे साधन कामगाराकडे क्वचितच असे. वही गिरणीची, आकडे गिरणीचे व ते वाचणाराही गिरणीचाच. अर्थशास्त्रज्ञ धनंजय रामचंद्र गाडगीळ (१९०१–७१) यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने सोलापूर शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली व तीवरील ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिरणीच्या वहीबाहेर राहून शहराच्या उपजीविकेची मोजदाद करण्याचा तो एक महत्त्वाचा प्रयत्न होय.

जुन्या गिरणीचा प्रसंग : व्यवस्थापनातील दोषाची किंमत सोलापूरने १९४९ मध्ये मोजली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये जुनी गिरणी बंद पडली व हजारो कामगार बेकार झाले. गैरव्यवस्था व हयगय यांमुळे एका आवश्यक वस्तूच्या उत्पादनास बाध आला आणि मोठी बेकारी ओढवली, असे कारण देऊन केंद्र शासनाने जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून गिरणीचे व्यवस्थापन आपल्या हाती घेतले; त्याच वर्षी संसदेने त्या आशयाचा कायदा संमत केला. त्याविरुद्ध एका भागधारकाने केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५० मध्ये बहुमताने फेटाळला. तथापि दुसऱ्या एका भागधारकाच्या दाव्यात डिसेंबर १९५३ मध्ये न्यायालयाचा निर्णय शासनाच्या विरोधात गेला. या घडामोडींचा परिणाम १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीवर झाला व व्यवस्थापन मर्यादित काळापुरते ताब्यात घेण्याच्या कायद्यांना तीमुळे संरक्षण मिळाले. व्यवस्थापकीय अभिकर्ता पद्धती पुढे १९७० मध्ये कायद्याने संपुष्टात आली.

भारतीय संविधानाच्या इतिहासात हा प्रसंग मालमत्तेच्या हक्काच्या संदर्भात सांगितला जातो. व्यवसाय-व्यवस्थापनाच्या दृष्टीने त्याचा बोध निराळा आहे. गोदामात माल साचत आहे, खेळते भांडवल आटत आहे व देणी वाढत आहेत, ही लक्षणे गिरणी बंद पडण्यापूर्वी वह्यांत उमटलेली असतात. ती वेळेवर एकत्र आणणे व त्यांवर कृती करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट यंत्राने सुलभ होऊ शकते. दुसरी होत नाही. संगणकाच्या पुढील सर्व इतिहासात हा भेद लक्षात ठेवावा लागतो.

छिद्रपत्र : मागापासून कचेरीपर्यंत : संगणक सोलापुरात येण्यापूर्वी त्याचा एक पूर्वज येथे नांदत होता. फ्रेंच विणकर झोझेफ मारी झाकार (१७५२–१८३४) याने १८०४ च्या सुमारास मागासाठी अशी योजना सिद्ध केली, की छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची साखळी मागावर फिरत राहावी व जेथे छिद्र असेल तेथील ताण्याचा धागा उचलला जावा. नक्षी विणकराच्या हातात न राहता पट्ट्यांत साठविली गेली. जकार्ड या नावाने परिचित असलेल्या या यंत्रणेवरच सोलापूरची नक्षीदार चादर विणली जाते. चादरीवरील फुले, वेलबुट्टी वा अक्षरे प्रथम चौकटीच्या कागदावर रेखाटावयाची, प्रत्येक चौकटीचा अर्थ ‘धागा वर’ किंवा ‘धागा खाली’ असा लावावयाचा आणि त्यानुसार पट्ट्यांना छिद्रे पाडावयाची, हे काम संगणकाच्या आज्ञावलीशी तत्त्वतः जुळणारे आहे. छिद्र आहे किंवा नाही, या दोनच अवस्थांत सर्व माहिती सामावलेली असते.

इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेज (१७९१–१८७१) याने आपल्या नियोजित विश्लेषक यंत्रासाठी झाकारची पत्रे स्वीकारली. अमेरिकेत हर्मन हॉलरिथ (१८६०–१९२९) याने १८९० च्या जनगणनेची गणना छिद्रपत्रांच्या साहाय्याने केली. त्याची कंपनी १९११ मध्ये इतर कंपन्यांत विलीन झाली व त्या संस्थेने १९२४ मध्ये आयबीएम हे नाव धारण केले. ऐंशी स्तंभांचे छिद्रपत्र १९२८ पासून प्रचारात आले. एका पत्रावर एका कामगाराची किंवा एका विक्रीची नोंद करावयाची आणि पत्रांचा गठ्ठा यंत्रातून फिरवून वर्गीकरण व बेरीज करावयाची, ही पद्धती मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत रूढ झाली.

इलेक्ट्रॉनिक संगणकाचा व्यवसायासाठी नियमित वापर प्रथम १९५१ मध्ये इंग्लंडमध्ये झाला व तो करणारी संस्था एखादी यंत्रनिर्मिती कंपनी नव्हती, हे उल्लेखनीय आहे. चहाची दुकाने व बेकऱ्या चालविणाऱ्या जे. लायन्स या कंपनीने ‘लिओ’ हा संगणक स्वतःच्या कचेरीसाठी तयार करविला. बेकरीतील मालाचे मूल्यांकन, कामगारांचे वेतन व दुकानांच्या रोजच्या मागण्या ही कामे त्यावर होऊ लागली. दुकानाच्या प्रमुखाने नेहमीच्या मागणीतील फरक तेवढा कळवावयाचा व उरलेले यंत्राने करावयाचे, अशी ती व्यवस्था होती. सर्व आकडे न दाखविता केवळ वेगळे पडणारे आकडे व्यवस्थापकापुढे ठेवणे, हे व्यवस्थापनाचे महत्त्वाचे तत्त्व त्यातून प्रत्यक्षात आले.

भारतातील आगमन व विरोध : भारतातील पहिला संगणक १९५५-५६ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बसविण्यात आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. हे दोन्ही संशोधनासाठी होते. व्यापारी कामासाठीचा संगणक १९६१ मध्ये मुंबईतील एस्सो या तेल कंपनीत आला. तो आयबीएमचा १४०१ या प्रकारचा होता. त्यानंतर मोठ्या कंपन्या, आयुर्विमा महामंडळ व रेल्वे यांनी अशी यंत्रे घेतली. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या संस्थेच्या आरंभीच्या कामांतही छिद्रपत्रांवरील हिशेब व बँकेच्या शाखांमधील व्यवहारांचा मेळ घालणे यांचा समावेश होता. स्वतःचे यंत्र घेणे न परवडणाऱ्या कंपन्या आपली आधारसामग्री अशा सेवा केंद्रांकडे पाठवीत व छापील तक्ते परत मिळवीत.

संगणकामुळे कारकुनी नोकऱ्या जातील, या भीतीने कामगार संघटनांनी त्यास कडवा विरोध केला. आयुर्विमा महामंडळाच्या कलकत्ता कार्यालयात १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कर्मचाऱ्यांच्या आंदोलनामुळे यंत्र बसविता आले नाही. केंद्र शासनाने १९६९ मध्ये अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनविषयक समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ मध्ये सादर झाला. या वादाला कायद्याचीही चौकट होती. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीनुसार, कामगार कपात होण्याचा संभव असलेली यंत्रसामग्रीतील वा तंत्रातील सुधारणा करण्यापूर्वी कामगारांना सूचना देणे मालकावर बंधनकारक होते. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ हा कायदा कापडगिरण्यांना लागू होता व त्यातही सुसूत्रीकरणासारख्या बदलांसाठी सूचनेची तरतूद होती.

सोलापूरच्या कामगाराला ‘सुसूत्रीकरण’ हा शब्द नवा नव्हता. एका विणकराने दोनऐवजी चार माग सांभाळावे, या मागणीचा अनुभव भारतातील गिरणी कामगारांनी संगणकाच्या कितीतरी आधी घेतला होता. कचेरीतील कारकुनाची भीती व मागावरील विणकराची भीती एकाच मुळातून उपजलेली होती. यंत्रामुळे होणारी बचत कोणाच्या पदरात पडावी, हा दोघांचाही प्रश्न होता.

मोठ्या संगणकाने सोलापूरच्या गिरण्यांच्या व्यवस्थापनाचे रूप पालटले, असे म्हणता येत नाही. तसे यंत्र भाड्याने घेणेही खर्चाचे होते व गिरण्यांचे भांडवल तर जुन्या मागांच्या दुरुस्तीलाही अपुरे पडत होते. महाराष्ट्र राज्य वस्त्रोद्योग महामंडळाची स्थापना १९६६ मध्ये झाली व पुढे नरसिंग गिरजी गिरणी त्याच्या व्यवस्थापनाखाली आली. तरी आजारी गिरण्यांचे दुखणे मागणी, यंत्रसामग्री व भांडवल यांत होते. एकविसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सोलापूर शहरातील जुन्या कापडगिरण्यांची धुराडी थंडावली. स्वस्त संगणक उपलब्ध झाले, तोवर ज्या मोठ्या वेतनपत्रकांसाठी ते उपयोगी पडले असते, ती वेतनपत्रकेच संपत आली होती.

लघुसंगणक : परकीय चलन विनियमन अधिनियम, १९७३ मधील भागभांडवलाच्या अटी मान्य नसल्याने आयबीएमने १९७८ मध्ये भारतातील व्यवसाय आवरला. त्याच सुमारास लघुसंगणक बनविण्याची मुभा खाजगी कंपन्यांना मिळाली व डीसीएम, एचसीएल यांसारख्या भारतीय कंपन्यांची यंत्रे बाजारात आली. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयात व निर्मिती यांवरील निर्बंध सैल केले. वातानुकूलित दालन व्यापणारे यंत्र टेबलावर आल्याने जिल्ह्याच्या ठिकाणच्या संस्थांना ते आवाक्यातले वाटू लागले. सोलापुरात वालचंद तंत्रशास्त्र संस्था हे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये सुरू झाले. ज्यांच्या नावाशी ते निगडित आहे, ते उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) हे सोलापूरचेच. जहाजवाहतूक, बांधकाम, साखर, विमाने व मोटारी अशा विविध क्षेत्रांतील उद्योग त्यांनी उभारले होते.

साखर कारखाने : सोलापूर जिल्ह्यात संगणकाचा खरा कस साखर कारखान्यांत लागला. माळीनगर येथे ऊस-उत्पादक माळी बागाईतदारांनी १९३२ मध्ये स्थापन केलेला कारखाना व श्रीपूरचा कारखाना ही या जिल्ह्यातील जुनी उदाहरणे होत. पुढे सहकारी कारखाने निघाले. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाल्यावर उसाचे क्षेत्र वाढत गेले व सर्वाधिक कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूरची गणना होऊ लागली.

साखर कारखान्याचे व्यवस्थापन हे मुख्यतः वेळेचे व्यवस्थापन असते. उसाची लागण आडसाली, पूर्वहंगामी व सुरू अशा हंगामांत होते. शिवाय खोडवा असतो. प्रत्येक प्रकार व प्रत्येक जात निराळ्या वेळी पक्व होते. वेळेआधी तोडलेल्या उसाचा साखर उतारा कमी पडतो, उशीर झाल्यास ऊस वाळतो किंवा तुरा येऊन वजन घटते व तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिल्यास त्यातील साखरेचे विघटन होते. म्हणून सभासदाचे नाव, गाव, गट क्रमांक, क्षेत्र, जात व लागणीची तारीख यांची नोंद करून तोडणीचा क्रम ठरवावा लागतो. पूर्वी ही नोंद शेतकी खात्यातील मदतनिसाच्या वहीत असे. क्रम त्याने लावावयाचा व तोडणीची चिठ्ठी त्याच्याच हातून मिळावयाची. आपला ऊस मागे राहिला व मागाहून लावणाऱ्याचा आधी गेला, ही तक्रार ऊसपट्ट्यात फार जुनी आहे.

कामाचे प्रमाण एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. दररोज ५,००० टन गाळप करणाऱ्या कारखान्यात प्रत्येक वाहनातून सरासरी १० टन ऊस आला, तर दिवसाला ५०० वाहने भरलेली व तितकीच रिकामी मोजावी लागतात. १५० दिवसांच्या हंगामात भरलेल्या वाहनांच्याच नोंदी ७५,००० होतात. प्रत्येक नोंद तीन खात्यांना लागू पडते : ऊस देणाऱ्या शेतकऱ्याच्या, तोडणी करणाऱ्या टोळीच्या मुकादमाच्या आणि वाहनमालकाच्या. दर पंधरवड्याला शेतकऱ्याच्या बिलातून सोसायटीचे कर्ज, बियाणे व खताची उधारी, भागाची रक्कम इ. वजा करून बाकी बँकेत जमा करावयाची असते. मुकादमाच्या बिलातून हंगामापूर्वी दिलेली उचल वळती करावयाची असते. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार ऊस मिळाल्यापासून चौदा दिवसांत किंमत देणे आवश्यक असून विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज देय होते. हाताने लिहिलेल्या वह्यांवर ही मुदत पाळणे अवघड होते.

संगणकावर ऊस नोंदणी एकदा चढविली, की तारीखवार व जातवार क्रम काही क्षणांत लागतो. वजनकाटा संगणकाला जोडल्यावर वजन हाताने लिहिण्याची गरज उरत नाही व छापील पावती जागेवर मिळते. गटवार शिल्लक ऊस, रोजचे गाळप, सरासरी उतारा व गोदामातील पोत्यांची संख्या ही माहिती कार्यकारी संचालकाला रोज सकाळी मिळू शकते. १९७५ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे स्थापन झालेल्या व पुढे वसंतदादा साखर संस्था या नावाने प्रसिद्ध झालेल्या संस्थेने कारखान्यांना तांत्रिक सल्ला व प्रशिक्षण देण्याचे कार्य केले.

या क्षेत्रातील सर्वांत गाजलेला प्रयोग मात्र सोलापूरबाहेर, वारणानगर येथे झाला. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे संगणक-केंद्रांद्वारे वारणा सहकारी संकुलाशी जोडण्यात आली. शेतीविषयक व बाजारभावाची माहिती, शासकीय दाखले, शिक्षण असे अनेक हेतू त्यामागे होते. प्रत्यक्षात शेतकऱ्यांनी केंद्रांचा वापर मुख्यतः तोडणीचा परवाना, उसाचे वजन, खताची मागणी व बिलाची रक्कम यांसाठीच केला. २००६-०७ मध्ये काही गावांत संगणकाऐवजी भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशांनी तीच माहिती पुरविण्याचा प्रयोग झाला व तो कमी खर्चाचा ठरला. शेतकऱ्याला यंत्र नको होते. आपले वजन किती भरले व पैसे कधी मिळणार, एवढे त्याला हवे होते.

तरीही काट्यावरील संशय संपला नाही. संगणक दिलेला आकडा चोख ठेवतो. तो आकडा खरा आहे की नाही, हे काट्याच्या तपासणीवर अवलंबून असते. त्यामुळे काटामारीच्या तक्रारी, वैधमापन यंत्रणेकडून तपासणी व बाहेरच्या काट्यावर वजन करून आणण्याची मुभा हे विषय संगणकीकरणानंतरही ऊस-उत्पादकांच्या आंदोलनांत राहिले.

बँका व पतसंस्था : बँकांतील संगणकीकरणाचा मार्ग १९८३ मध्ये बँक व्यवस्थापने व कर्मचारी संघटना यांच्यात झालेल्या कराराने मोकळा झाला. १९८४ मध्ये सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शाखांत खातेवह्यांची नोंद करणारी यंत्रे बसविण्याची शिफारस केली. सोलापूर जिल्ह्यात १९१८ मध्ये स्थापन झालेली जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, १९६६ मध्ये स्थापन झालेली सोलापूर जनता सहकारी बँक व अनेक नागरी बँका यांमुळे सहकारी पतव्यवहाराचे जाळे दाट होते. सहामाही व्याज-आकारणी व खात्यांचा ताळा जमविणे यांसाठी कर्मचाऱ्यांना रात्री जागवाव्या लागत. संगणकाने हे काम तासांवर आणले. पुढे सर्व शाखा एका मध्यवर्ती प्रणालीशी जोडल्या गेल्या. मात्र थकबाकीची यादी वेळेवर छापून आली, म्हणून कर्जवाटपाचा निर्णय विवेकाने होतो असे नाही, हे राज्यातील अनेक सहकारी बँकांच्या अडचणींवरून दिसून आले.

लहान उद्योग : यंत्रमागधारक, सूत व्यापारी व तयार कपड्यांचे उत्पादक यांच्यापर्यंत संगणक हिशेबाच्या तयार आज्ञावलीमार्फत पोहोचला. भारतात सर्वाधिक रूढ झालेली ‘टॅली’ ही आज्ञावली कापड उद्योगाशी दूरान्वयाने निगडित आहे. कारखाने व कापडगिरण्यांना कच्चा माल व सुटे भाग पुरविणारे बंगलोरचे व्यापारी श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या हिशेबासाठी सोयीची आज्ञावली मिळेना. तेव्हा त्यांचे पुत्र भरत गोयंका यांनी ती तयार केली व १९८६ मध्ये त्यांची कंपनी सुरू झाली. नोंद एकदाच करावयाची व कीर्द, खतावणी, तेरीज व ताळेबंद आपोआप निघावयाचे, हा तिचा गाभा. जुन्या वहीतील पुनर्लेखनाचा दोष येथे मुळातून नाहीसा झाला. जाणत्या मुनिमाला ही मांडणी परकी वाटली नाही.

चादरीच्या कारखान्यात बदल मागावरही झाला. इलेक्ट्रॉनिक जकार्ड यंत्रणा १९८३ मध्ये मिलान येथील प्रदर्शनात मांडली गेली. तीत पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जागा संगणकाच्या स्मृतीने घेतली व नक्षी पडद्यावर रेखाटून थेट मागाकडे पाठविणे शक्य झाले. सोलापूरच्या यंत्रमागांवर जुनी व नवी अशा दोन्ही पद्धती दीर्घकाळ शेजारी शेजारी चालल्या; कारण जुना माग चालू असेतोवर नवा घेण्याइतके भांडवल लहान कारखानदाराकडे नसे. सोलापुरी चादरीला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले, तरी बाहेरच्या स्वस्त मालाची स्पर्धा चालूच राहिली. त्यानंतर शहरात वाढलेल्या गणवेश-शिलाईच्या उद्योगात साठ्याच्या नोंदीचे महत्त्व विशेष आहे. एकाच शाळेच्या गणवेशाचे रंग, मापे व मुलामुलींचे प्रकार धरले, तर पन्नासांवर निराळे नग होतात व मागणी जूनच्या आगेमागे एकदम येते. कोणते माप संपले हे त्याच दिवशी कळले नाही, तर हंगाम हातचा जातो. मोटार उद्योगाला सुटे भाग पुरविणाऱ्या सोलापुरातील कारखान्यांना, उदा., १९९२ मध्ये स्थापन झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या कंपनीला, देशी-परदेशी ग्राहकांच्या गुणवत्ता व वेळापत्रकाच्या अटी पाळावयाच्या असल्याने संगणकीय नियोजन अपरिहार्य झाले.

महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर व देशात १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर संगणक ऐच्छिक राहिला नाही. विवरणपत्रे केवळ संगणकीय जाळ्यावर भरता येऊ लागल्याने, चार-सहा मागांच्या मालकालाही स्वतःचा संगणक किंवा कर सल्लागाराची कचेरी यांपैकी एकाचा आश्रय घ्यावा लागला. त्यामुळे हिशेब शिस्तीत आले, पण अनुपालनाचा खर्च लहान उद्योजकावर तुलनेने अधिक पडला.

भाषा व शिक्षण : आरंभीच्या आज्ञावली इंग्रजीत असल्याने नोंद करणारा व माहिती वापरणारा यांत दरी राहिली. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ तंत्राचा प्रसार केला व देवनागरीत पावती छापणे सुलभ झाले. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ मध्ये स्थापन झाले. त्याच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमामुळे तालुक्याच्या गावीही संगणकाची प्राथमिक ओळख झालेला तरुणवर्ग तयार झाला. सोलापूर विद्यापीठाची स्थापना २००४ मध्ये झाली. शिक्षित तरुणांचा ओघ मात्र पुण्याकडे राहिला. सोलापूरने संगणक जाणणारी माणसे घडविली व त्यांतील अनेकांना काम बाहेर शोधावे लागले.

विडी उद्योगातील स्त्रियांचा अनुभव या विषयाची दुसरी बाजू दाखवितो. तेंदूपाने व तंबाखू तोलून न्यावयाची, घरी विड्या वळावयाच्या व हजारी दराने मजुरी घ्यावयाची, असे या कामाचे स्वरूप आहे. १९७७ पासून या उद्योगाला भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू झाला. ही खाती संगणकावर गेल्यावर त्यांतील रक्कम पाहणे सोपे झाले. परंतु तेलुगू, कानडी वा मराठी नावाचे इंग्रजी लेखन दोन कागदांवर दोन प्रकारे झालेले असले, किंवा पाने कातरून व विड्या वळून बोटांचे ठसे झिजलेले असले, तर ओळख पटविण्यात अडचणी येतात. पूर्वी वही वाचता येत नव्हती. आता पडदा ओळखत नाही. स्वतःच्या कष्टाची नोंद स्वतःच्या हाती नसणे ही अडचण दोन्ही काळांत सारखीच राहिली.

मूल्यमापन : सोलापूरच्या अनुभवावरून संगणकाच्या उपयोगाची व्याप्ती व मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. नोंदींची संख्या प्रचंड, नियम ठरलेले व मुदत कडक असेल, तेथे तो अत्यंत उपकारक ठरला. ऊस बिले व बँक खाती ही त्याची उदाहरणे होत. जेथे प्रश्न भांडवलाचा, बाजारपेठेचा वा व्यवस्थापकाच्या सचोटीचा होता, तेथे त्याने आजाराचे निदान लवकर करून दिले असते. उपचार त्याच्या हाती नव्हता. कामगारांच्या संघटनांनी संगणकाविषयी घेतलेल्या शंका केवळ अज्ञानातून आलेल्या नव्हत्या. यंत्राचा लाभ कोणाला व आकड्यांवर ताबा कोणाचा, हे प्रश्न त्यांनी योग्य वेळी विचारले होते. आकडा ज्याच्याविषयीचा आहे, त्यालाही तो वाचता व तपासता यावा, ही अपेक्षा कीर्द-खतावणीच्या काळापासून अपुरीच राहिलेली आहे. छापील वजनपावती, बँकेचा लघुसंदेश व मराठीतील बिल यांमुळे तिची अंशतः पूर्तता झाली, ही या इतिहासातील जमेची बाजू होय. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सोलापूरच्या पेठेत नव्या वहीशेजारी संगणकालाही कुंकू लावले जाते. वहीचे काम त्याने घेतले असले, तरी ताळा जमला की नाही हे पाहण्याची जबाबदारी पूर्वीप्रमाणेच पेढीच्या धन्यावर आहे.